पिकअपचे मागचे पाटे सारखे तुटतात? पाना उचलण्याआधी काटा करा

आमचं गॅरेज मुंबई-आग्रा महामार्गालगत, टोमॅटो-कांद्याच्या पट्ट्यात. हंगाम लागला की पिकअप गाड्यांची रीघ लागते आणि दहातल्या बऱ्याच जणांचं एकच म्हणणं असतं: "मागल्या वेळी पाटा बदलला होता, परत गेला. माल हलका लावला वाटतं." पाटा म्हणजे गाडीचा भार झेलणारी स्प्रिंगची लोखंडी पट्टी, आणि ती कधीकधी खरंच हलकी असते. पण त्याच गाडीचा त्याच जागी तिसऱ्यांदा पाटा तुटतो तेव्हा दोष पाट्यात नसतो, हौद्यात, म्हणजे माल भरायच्या जागेत असतो. गाडीच्या नावातला टन आणि गाडीवर टाकता येणारा टन हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः, गॅरेजला न येता बघू शकता. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका. थेट पाटे उतरवायला लागलात तर पैसे जातील आणि कारण जागच्या जागी राहील.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- रिकामी गाडीही मागून बसलेली दिसते, किंवा एका कुशीवर कललेली असते.
- भरल्यावर खड्ड्यात मागून 'धाड' असा लोखंडी आवाज येतो.
- भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग नको तितकं हलकं लागतं, हेडलाइटचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.
- मागच्या टायरच्या कडा झिजतात, मधला भाग शाबूत राहतो. किंवा फक्त आतली कड जाते.
- मेन पाटा डोळ्यापाशी (टोकाच्या गोल भोकापाशी) नाहीतर मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटतो.
- मागून येणारा सांगतो, "तुमची गाडी तिरकी चाललीय."
- घाट उतरताना ब्रेक पेडल खाली जातं, ब्रेक लायनरचा वास येतो.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर पुढचं सगळं वाचायच्या आधी गाडी रिकामी करा. ती दोन थांबून बघण्यातली नाहीत.

आधी आरसी काढा

याला पैसा लागत नाही, तरी हेच कोणी करत नाही. आरसीवर दोन आकडे शोधा: अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, आणि ग्रॉस व्हेईकल वेट, आपण ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतो, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. काही आरसींवर त्याला लेडन वेट लिहिलेलं असतं. व्यापारी गाडीच्या नोंदीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) किती वजन चालतं तेही असतं. कार्डावर नसेल तर कंपनीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर सापडतं. ते दोन आकडेही लिहून घ्या, पुढे लागतील.

जीव्हीडब्ल्यूमधून रिकामं वजन वजा केलं की पेलोड, म्हणजे गाडीवर टाकता येणारं वजन. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे अनलेडन वेटमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. ते दोघे चढले की तेवढं वजन पेलोडमधून वजा. दोन धडधाकट माणसं म्हणजे सुमारे १४० किलो, म्हणजे टोमॅटोचे सहा-सात क्रेट आधीच केबिनमध्ये बसलेत असं समजा.

आता वर्गांचा विषय, कारण इथे लोक फार गोंधळतात. आपल्याकडे गाडीचा वर्ग जीव्हीडब्ल्यूवर ठरतो, पेलोडवर नाही. ३,५०० किलोपर्यंतची मालगाडी एन-१ गटात, त्यापुढे १२,००० किलोपर्यंत एन-२, त्याहून जड ती एन-३. परमिटसाठी वेगळी रेघ आहे: ३,००० किलोपर्यंत जीव्हीडब्ल्यू असलेल्या मालगाडीला कलम ६६ खाली परमिटची गरज नाही. लायसन्ससाठी आणखी वेगळी: ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्ही. एलएमव्ही लायसन्सवर एवढ्या वजनाची व्यापारी गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं.

पण "माझं लायसन्स साडेसात टनांचं आहे" याचा अर्थ तुमच्या गाडीवर साडेसात टन चालतात असा नाही. हसू नका, हे वाक्य मी ऐकलंय.

यूट्यूबवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून येणारेही असतात. तिकडे क्लास १ ते ८ अशी विभागणी आहे आणि ती पौंडात आहे. क्लास १ म्हणजे ६,००० पौंडांपर्यंत एकूण वजन, आपले २,७२२ किलो. क्लास २ दहा हजार पौंडांपर्यंत, क्लास ३ चौदा हजारांपर्यंत. त्यांच्याकडे 'हाफ टन', 'वन टन' ही नुसती जुनी नावं उरली आहेत, आजची हाफ टन गाडी अर्ध्या टनाहून बरंच जास्त उचलते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि त्यात माणसं आणि माल मिळून वजन दिलेलं असतं. तिकडे असलेल्या नातेवाइकाला प्लायवूड आणायला गाडी घ्यायची असेल तर त्याने ती पट्टी वाचावी. आपण आपली आरसी वाचू.

हौदा भरला म्हणजे किती भरलं?

हेही फुकटात होतं. कागद-पेन्सिल घ्या.

पिकअपचा हौदा साधारण नऊ बाय साडेपाच फूट धरा. त्यात वाळू फक्त एक फूट उंच भरली तर सुमारे ५० घनफूट होते, म्हणजे अर्धा ब्रास. कोरडी वाळू घनमीटरला १,६०० किलोच्या आसपास, म्हणजे अर्धा ब्रास सव्वादोन टनांवर गेला. ओली असेल तर आणखी वर. आणि बांधकामवाला फोनवर काय सांगतो? "अर्धाच ब्रास आहे, पिकअपमध्ये येईल." येतो की. हौद्यात येतो, पाट्यावर येत नाही.

पाण्याचा हिशेब तर त्याहून सोपा: लिटरला किलो. दोन हजार लिटरची टाकी ठेवली की दोन टन झाले, वर टाकीचं आणि मोटरचं वजन वेगळं. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका बाजूला फेकते, आणि त्या बाजूचा पाटा आधी जातो.

टोमॅटोचा क्रेट वीस-बावीस किलोचा धरतात, तो आतल्या मालाचा. रिकामा प्लास्टिकचा क्रेट स्वतः दीड-दोन किलोचा असतो, तो कोणी मोजत नाही. सत्तर क्रेटला तेच शंभर-एकशे चाळीस किलो होतात. सिमेंटची गोणी बरोबर ५० किलोची असल्यामुळे सिमेंटवाले ग्राहक सहसा हिशेबात चुकत नाहीत. ते जास्त भरतात ते जाणूनबुजून. कडबा, भुसा, रिकामी खोकी यांचं उलटं आहे, हौदा डोंगराएवढा दिसतो आणि वजन निम्मंही नसतं. तिथे उंची आणि वारा सांभाळायचा, पाट्यांची काळजी नको.

माल ठेवलाय कुठे?

पेलोडच्या आतच माल आहे, तरी गाडी मागून बसते, असं असेल तर इथे बघा. हौद्याचा थोडा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. तिथे ठेवलेला किलो मागच्या अ‍ॅक्सलवर एक किलोपेक्षा जास्त पडतो आणि पुढच्या चाकांवरचं वजन उचलतो.

आकड्यात बघा. चाकांमधलं अंतर तीन मीटर धरा आणि ५०० किलो माल मागच्या अ‍ॅक्सलच्या पाऊण मीटर मागे ठेवला. मागच्या अ‍ॅक्सलवर ६२५ किलो वाढतात आणि पुढून १२५ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. तोच माल केबिनला चिकटवून ठेवला असता तर त्याचा काही भाग पुढच्या चाकांनी घेतला असता.

सळईवाल्यांचं सगळ्यात वाईट. बारा मीटरची सळई दुमडून किंवा तशीच मागे लोंबकळत नेतात, सगळा भार फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर. जड माल आधी आणि पुढे, हलका मागे, आणि डावी-उजवी बाजू सारखी. उतरवतानाही लक्ष ठेवा: दोन ठिकाणी माल द्यायचा असेल तर पहिल्या ठिकाणी पुढचा माल काढून मागचा तसाच ठेवू नका.

टायर

टायरच्या कुशीवर मापानंतर एक आकडा आणि अक्षर असतं. व्यापारी टायरवर आकडे दोन असतात, उदाहरणार्थ १०६/१०४. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. हा लोड इंडेक्स. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०४ म्हणजे ९००, १०० म्हणजे ८००, ९५ म्हणजे ६९०. पिकअपला मागे एकेकच चाक असतं, तेव्हा पहिला आकडा धरा आणि दुप्पट करा: १०६ चे दोन टायर मागच्या अ‍ॅक्सलचे १,९०० किलो पेलतात.

हे का बघायचं? कारण स्वस्तात मिळाले म्हणून त्याच रिमवर बसणारे जीपचे किंवा कारचे टायर टाकलेल्या गाड्या येतात. ९५ चे दोन टायर म्हणजे १,३८०. अ‍ॅक्सलची ताकद कितीही असो, साखळी तिथेच तुटणार. आरसीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि लोड इंडेक्सचाच टायर हवा, आणि मागचे दोन्ही एकसारखे.

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजा. बहुतेक गाड्यांना रिकाम्यासाठी आणि भरलेल्यासाठी वेगवेगळा दाब दिलेला असतो, मागच्या चाकांचा फरक मोठा असतो. पंपवाल्याला "सगळीकडे सारखी मार" म्हणणं सोडा. कमी हवेवर भार पडला की टायरची कूस दर फेऱ्याला दुमडते आणि तापते. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटतात त्यातले कितीतरी असेच. उलट, चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर तो कमी पडेल.

झीज वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा भार जास्त. मधला पट्टा झिजला तर रिकाम्या गाडीत हवा जास्त. मागच्या चाकाची फक्त आतली कड झिजली तर ते टायरचं दुखणं नाही, त्याबद्दल शेवटी.

मेजरिंग टेप घेऊन गाडीखाली वाका

गाडी सपाट जागी, रिकामी, हँडब्रेक लावून, पुढच्या चाकांना दगड किंवा गुटका लावून. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही.

मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या एखाद्या ठरावीक कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसलाय किंवा तुटलाय. बहुतेक डावी बाजू आधी जाते, कारण रस्त्याचा उतार डावीकडे आणि साइडपट्टीवर उतरायचं तेही डाव्या चाकाने.

मग अ‍ॅक्सलच्या वर, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) लावलेला रबरी स्टॉपर बघा. अ‍ॅक्सल वर येऊन लोखंडावर आपटू नये म्हणून तो असतो. स्टॉपर चपटा झालाय, फाटलाय, आणि त्याच्या बरोबर खाली अ‍ॅक्सलवर घासून चकचकीत झालेली जागा आहे? मग गाडी सतत स्टॉपरवर बसून धावतेय. तो 'धाड' आवाज याचाच. इतकं दिसलं की पाटा बदलायचा विचार तात्पुरता बाजूला ठेवा आणि काट्यावर जा.

काटा: रिकामा, भरलेला, आणि अ‍ॅक्सलवार

यालाच मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, आणि खर्च एका जेवणाच्या आसपास. बाजार समितीपाशी, साखर कारखान्यापाशी, नाहीतर रस्त्यालगत वजनकाटा सापडतोच. तीन पावत्या घ्यायच्या.

पहिली रिकाम्या गाडीची, पण रोज जशी चालते तशी: डिझेल भरलेलं, ड्रायव्हर-क्लीनर आत, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोर, सगळं वर. एक उदाहरण मांडतो. आरसीवर जीव्हीडब्ल्यू ३,४९० आणि रिकामं वजन १,७९०, म्हणजे पेलोड १,७०० दिसतो, गाडी विकताना बोललेला आकडाही हाच. आता मालकाने हौद्याला लोखंडी जाळी चढवली, वर चौकट केली, खाली जाड पत्रा टाकला. काटा दाखवतो २,०६०. उरले किती? १,४३०. पावणेतीनशे किलो माल न भरताच खर्च झाला. वाळू न्यायची तर त्या हौद्यात जेमतेम साडेसात इंचांचा थर.

ही वजाबाकी झाल्यावर बहुतेक मालक गप्प होतात. जाळी आणि चौकट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेताना तिचं वजन कोणी विचारत नाही. तो जितकी जाड पट्टी वापरेल तितकं काम 'मजबूत'.

दुसरी पावती भरलेल्या गाडीची. जीव्हीडब्ल्यूच्या आत आहे का, एवढं कळतं.

तिसरी पावती कोणी घेत नाही आणि पाट्यांचं खरं उत्तर तीच देते: फक्त मागची चाकं काट्यावर. काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन काट्याच्या पातळीत असली पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो. गाडी न्यूट्रलला, ब्रेक सोडलेला, चाकाला गुटका. आता हा आकडा आरसीवरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या आकड्याशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर, असं खूप वेळा निघतं. मग भरायची पद्धत बदला, पाटा नको.

काटा स्वतः करून घेणं रस्त्यावर करावं लागण्यापेक्षा स्वस्त आहे, हेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. काट्यावर जायला नकार दिला किंवा काट्याआधी माल उतरवून टाकला तर ४०,०००. माल बाजूला, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर त्याचे २०,००० वेगळे.

पाटे, यू बोल्ट, शॅकल

काटा बरोबर आहे, टायर बरोबर आहेत, माल नीट ठेवलाय, तरी पाटा जातो. आता पाना.

आधी यू बोल्ट. अ‍ॅक्सलला पाट्यांच्या गठ्ठ्याशी आवळून धरणारे हे चार. ते सैल झाले की गठ्ठा मधून वाकायला लागतो आणि मेन पाटा मधल्या भोकापाशी तुटतो. म्हणजे पाटा तुटलेला दिसतो आणि गुन्हा नटाचा असतो. नटाशेजारी घासल्याची चमक किंवा लाल भुकटी दिसली की समजा सैल आहे. पाटे उतरवल्यावर जुने यू बोल्ट परत लावू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. आटे मरतात आणि टॉर्क (आवळण्याचा नेमका जोर) बसत नाही. नवे घ्या, नटासकट, आणि पाइप घालून अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याप्रमाणे आवळून घ्या.

यू बोल्टच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. तो गेला की अ‍ॅक्सल त्या बाजूला पुढे-मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरा, पुढची चाकं सरळ ठेवून. अंतरात फरक आला तर गाडी जागेवरून हलवू नका.

पाट्यांची चीर बघायची तर वायर ब्रशने घासून, टॉर्च तिरका धरून बघा. तुटायच्या आधी पाट्यावर आडवी, केसाएवढी गंजाची रेघ उमटते. बाकीचा पाटा काळा आणि ती एक रेघ तांबूस. ती दिसली की पाटा संपला, तो चालतोय म्हणून चालवू नका. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) आणि बुश (पाट्याच्या डोळ्यातलं अस्तर) हाताशी आहेतच तर बघून घ्या: बुश फाटला असेल तर पाट्याचा डोळा लोखंडावर घासतो आणि डोळ्यापाशी तुटतो. पाटा एका बाजूचा बदललात तर दुसऱ्या बाजूचा गठ्ठाही तपासून घ्या, एकीकडे नवी कमान आणि दुसरीकडे बसलेली, अशी गाडी कायम कललेली राहते.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: "एक पाटा जास्तीचा टाकून द्या ना."

टाकता येतो, पण त्याने गाडी बसायची थांबते, पेलोड वाढत नाही. अ‍ॅक्सलची नळी तीच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच, चासी तीच, आरसीवरचा आकडाही तोच. आधी गाडी बसून तुम्हाला सांगत होती की भार जास्त झाला, आता तेही सांगणार नाही. शिवाय रिकामी गाडी उड्या मारते, ओल्या रस्त्यावर मागून घसरते. रबरी बफर किंवा हवेच्या पिशव्या बसवल्या तरी गोष्ट तीच.

आणि एक भानगड फार थोड्या लोकांना माहीत आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडा जोडलेला असतो, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. गाडी किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. बसली म्हणजे भरलेली, दाब जास्त. उंच म्हणजे रिकामी, दाब कमी. जास्तीचा पाटा टाकलात की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक अर्धवट लागतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, आणि तोही नेमका कसाऱ्याचा घाट उतरताना. कोणी पाटा वाढवून घेतलाच असेल तर त्याने हा दांडा जोडलेला आहे का, सेटिंग कंपनीच्या मापाने आहे का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये बघून घ्यावं. तारेने वर बांधून ठेवलेला दांडाही मी पाहिलाय. त्यावर काय बोलणार.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी किंवा नाक्यावरच्या गॅरेजात करायच्या नाहीत. आमच्यासारख्या छोट्या गॅरेजनेही "हे आमच्याकडे होणार नाही" असं सांगायला हवं, न सांगणाऱ्यापासून दूर राहा.

चासीला चीर. पाट्याच्या ब्रॅकेटपाशी, केबिनच्या मागे, आणि जिथे हौद्याचे बोल्ट आहेत तिथे बघा. चीर दिसली तर वर पट्टी मारून वेल्डिंग करू नका. चुकीच्या जागी वेल्डिंग केलं की त्याच्या शेजारी नवी चीर जाते. कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा, गाडी रिकामीच न्या, आणि चीर मोठी असेल तर उचलूनच न्या.

मागची चाकं वरून आत झुकलेली. भरपूर भाराने अ‍ॅक्सलची नळी मधून खाली वाकते तेव्हा असं दिसतं, आणि टायरची आतली कड झिजते ती यामुळे. नळी गरम करून सरळ करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका, नळी बदलते.

पाट्याला वेल्डिंग किंवा गॅसची शेगडी. पाट्याला मारलेलं पाणी म्हणजे त्याची ताकद, ती गॅसच्या ज्योतीने जाते. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान द्यायची असेल तर भट्टी आणि पाणी मारायची सोय असलेल्या पाटेवाल्याकडेच, आणि तुटलेला पाटा कधीच जोडायचा नाही.

ब्रेक पेडल खाली जाणं, चाकाच्या आतून ऑइल गळून लायनर भिजणं, भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणं. यात "बाजार करून येतो, मग दाखवतो" चालत नाही. माल दुसऱ्या गाडीत टाका.

चाकाचे नट वारंवार सैल होत असतील किंवा हबपाशी हात लावता येणार नाही इतकी उष्णता असेल, तर बेअरिंग. तेही त्याच दिवशी.

गॅरेजला याल तेव्हा तीनही पावत्या आणि आरसी सोबत आणा, निम्मा वेळ वाचतो. आणि नवे पाटे बसवून गेलात तर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला या. ते पहिल्या भारात थोडे बसतातच. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.